एचओए, तापलेला लॉफ्ट आणि भिंतीतलं तीन इंची भोक

कोनाडा | १२ जुलै २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गेली कित्येक वर्षं नुसती वाचतेय, आज लिहितेय कारण डोकं तापलंय. वरची खोलीही तापलीये, एचओएशी (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे इथली सोसायटी) भांडण तिच्यावरूनच आहे.

मध्य न्यू जर्सीत आमचं तीन मजली टाउनहाउस आहे. खाली गॅरेज आणि मागे एक छोटी खोली, मधल्या मजल्यावर हॉल-किचन, आणि सगळ्यात वर उतरत्या छपराखाली बेडरूम आणि लॉफ्ट. आई-बाबा मे महिन्यात पुण्याहून आलेत, ऑक्टोबरपर्यंत आहेत. त्यांना लॉफ्ट दिलाय, कारण शेजारीच बाथरूम आहे. अख्ख्या घराला एकच फर्नेस (घर गरम करणारी भट्टी), एकच एसी, आणि थर्मोस्टॅट हॉलमध्ये. हॉलमध्ये ७२ (फॅरनहाइट) असतं तेव्हा लॉफ्टमध्ये ८६. जूनच्या शेवटी उष्णतेची लाट आली, बाहेर पाऱ्याने शंभरी ओलांडली, तेव्हा बाबांनी सरळ गादी उचलून हॉलमध्ये टाकली. वर म्हणतात, "अगं, अमेरिकेत येऊन हॉलमध्येच झोपायचं तर आपली सदाशिव पेठ काय वाईट होती?"

लॉफ्टपुरता मिनी-स्प्लिट हीट पंप (एका खोलीचा स्प्लिट एसी, जो उलटा चालून हिवाळ्यात गरम हवाही देतो) बसवायचा हे आई-बाबा आल्यावर लगेचच ठरवलं होतं. कोटेशन ६,८०० डॉलरचं आलं. मागच्या भिंतीवर ब्रॅकेट लावून आउटडोअर युनिट, तिथून भिंतीवरून पाइप. एचओएच्या आर्किटेक्चरल कमिटीकडे अर्ज केला. पाच आठवड्यांनी मॅनेजमेंट कंपनीकडून एका ओळीचं पत्र आलं: बाह्य स्वरूपाच्या एकसमानतेशी विसंगत, सबब नामंजूर. खिडकीचा एसी तर नियमातच बाद आहे.

त्यात ४ जुलैला सही झालेल्या नव्या कायद्यानं हीट पंपावरचं फेडरल टॅक्स क्रेडिट (करातून थेट वजावट, खर्चाच्या ३० टक्के, कमाल २,००० डॉलर) ३१ डिसेंबरला बंद होतंय. त्याआधी यंत्र बसून चालू झालेलं हवं, नुसते पैसे भरून भागत नाही.

कुणी एचओएशी या विषयावर झगडलंय का? वकील करू की गप्प बसू?

घाईत आहे | १२ जुलै, रात्री १०.०५

मागच्या भिंतीवर कोण बघतंय? लावून टाका. परवानगीपेक्षा माफी स्वस्त.

हिवाळी नाश्ता | १२ जुलै, रात्री १०.३१

हा सल्ला कृपया कुणी मनावर घेऊ नका. मिसिसागाला (कॅनडात, ऑन्टॅरियोत) आमच्या काँडोत, म्हणजे जिथं बाहेरच्या भिंती सगळ्यांच्या सामायिक असतात तिथं, एकानं हेच केलं. बोर्डानं यंत्र स्वतःच्या खर्चानं काढायला लावलं, भिंत पूर्ववत करायला लावली आणि त्यांच्या वकिलाचं बिलही यालाच. मग नीट अर्ज, नीट करार, आणि तेच यंत्र त्याच जागी. एका एसीचे पैसे दोनदा भरले त्यानं.

ऑन्टॅरियोत १९९८ च्या काँडोमिनियम कायद्यातलं ९८ वं कलम यासाठीच आहे. सामायिक भागात बदल करायचा तर बोर्डाची मंजुरी आणि लेखी करार, आणि तो करार मालमत्तेच्या नोंदीवर चढतो. म्हणजे उद्या घर विकलंत तरी पुढचा मालक त्याला बांधील. तुमच्याकडे असं काही आहे का ते बघा. असा करार ही अडवणूक वाटते, पण बोर्डाला 'हो' म्हणायला तोच लागतो.

डक्टमधलं कबूतर | १३ जुलै, सकाळी ९.१५ (पुणे वेळ)

वाचून बरं वाटलं. मला वाटायचं हे सगळं फक्त आमच्या सोसायटीत चालतं.

आमच्या बिल्डरनं आउटडोअर युनिटसाठी डक्टमध्ये (इमारतीतल्या उभ्या पोकळीत) कट्टे ठेवलेत. सगळ्यांनी तिथेच लावायचं, दर्शनी बाजूला लावायचं नाही, असा सोसायटीचा ठराव. छान. आता त्या चिंचोळ्या डक्टमध्ये बावीस युनिटं एकमेकांच्या तोंडावर गरम हवा सोडतात. सर्वात वरच्या मजल्यावरचा एसी मे महिन्यात दुपारी धापा टाकून बंद पडतो, कारण खालच्या सगळ्यांची ऊब त्याच्या नशिबी. मेकॅनिकला आत उतरायला जागा नाही. कबुतरं मात्र सुखात आहेत.

सोसायटीला बाहेरून सुंदर दिसायचं असतं, एसीला श्वास घ्यायचा असतो. एवढंच भांडण आहे सगळं. सहकार खात्याच्या उपनिबंधकांपर्यंत जाऊन आलेला मनुष्य बोलतोय.

टनभर | १३ जुलै, रात्री १२.२०

कोनाडाताई, एचओएला बाजूला ठेवा, आधी त्या खोलीचं बघू. (मी मेकॅनिकल इंजिनिअर, याच क्षेत्रात, पण कॉन्ट्रॅक्टर नाही. काही विकत नाही.)

हॉल आणि लॉफ्टमध्ये १४ अंशांचा फरक ही नुसती 'गरम हवा वर जाते' एवढी गोष्ट नाही. तीन गोष्टी तपासा. एक, लॉफ्टमध्ये रिटर्न ग्रिल (खोलीतली हवा परत यंत्राकडे खेचणारी जाळी) आहे का? नसेल तर थंड हवा आत ढकलली जाते, पण गरम हवेला बाहेर पडायला वाट नाही. दोन, फर्नेसपाशी डक्टच्या (हवेच्या नळांच्या) फांद्यांवर डॅम्पर (हवा कमी-जास्त करायच्या झडपा) असतात. बऱ्याच घरांत वरच्या मजल्याचा डॅम्पर कुणीतरी कधीतरी हिवाळ्यात अर्धा बंद केलेला असतो आणि मग विसरलेला. तीन, छपराच्या पोकळीत लवचीक डक्ट दबलेला किंवा सुटलेला आहे का. या तिन्हीला कुणाची परवानगी लागत नाही, सगळं तुमच्या घराच्या आत आहे.

हे करून उरेल तेवढ्यासाठी मिनी-स्प्लिट. कोटेशनमध्ये किती टनाचा आहे? अठरा हजार बीटीयू (तासाला किती उष्णता काढतो त्याचं माप) लिहिलं असेल तर नको म्हणा. एका लॉफ्टला नऊ हजार, म्हणजे पाऊण टन, बहुधा पुष्कळ झाला. कॉन्ट्रॅक्टरकडे 'मॅन्युअल जे'चा (खोलीला किती क्षमता लागते ते काढायच्या ठरलेल्या पद्धतीचा) हिशेब मागा. गरजेपेक्षा मोठा एसी खोली पटकन गार करून थांबतो, त्यामुळे हवेतला ओलावा तसाच राहतो आणि खोली गार पण चिकट होते. शिवाय लहान युनिट म्हणजे आवाज कमी, पेटी लहान, आणि कमिटीला पटवायला सोपं.

(टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे, हे इथं बहुतेकांना ठाऊक असेलच. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढं काम. तासाला १२,००० बीटीयू. बर्फाच्या वखारींच्या काळातलं माप अजून आपल्या बिलांवर आहे, मला फार आवडतं ते.)

मिनिटबुक | १३ जुलै, सकाळी ७.५०

आता थोड्या शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. मी एका एचओएच्या बोर्डावर आहे, सहावं वर्ष. पगार शून्य, पार्किंगमध्ये अडवून सुनावणारे पुष्कळ. पेनसिल्व्हेनिया, टाउनहाउसेस, साधारण १९९० च्या आसपासची.

तुम्हाला पत्रात 'एकसमानता' दिसली. आम्हालाही तोच शब्द लिहायची सवय आहे, कारण तो कागदपत्रांत आहे. पण बोर्डाच्या मनात असतं ते वेगळंच. आमच्याकडे हा वाद एसीपासून नाही, फर्नेसपासून सुरू झाला.

आमच्या घरांत जुने गॅस फर्नेस होते, धूर चिमणीतून वर. लोकांनी नव्वद टक्क्यांच्या वर कार्यक्षमतेचे कन्डेन्सिंग फर्नेस घ्यायला सुरुवात केली. चांगली गोष्ट, गॅस वाचतो. पण त्याचा धूर इतका थंड आणि ओला असतो की जुन्या चिमणीत चालत नाही, पीव्हीसी पाइपनं बाजूच्या भिंतीतून बाहेर काढावा लागतो. झालं. एकानं पाइप काढला तो शेजारणीच्या खिडकीच्या बाजूला. एकाचा इतका खाली की पहिल्या मोठ्या बर्फात पुरला गेला, फर्नेस बंद, रात्री दोनला फोन मला. एकानं फर्नेस नवा घेतला, पण गॅसचा वॉटर हीटर तसाच जुन्या चिमणीवर एकटा सोडला. दोघांसाठी केलेल्या चिमणीत एकट्या हीटरचा धूर वर चढेना, आतच गार होऊन ओल धरायला लागला. तिथं कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला म्हणून कळलं.

आणि चौथा किस्सा. मिनी-स्प्लिटच्या कॉन्ट्रॅक्टरनं साइडिंगमध्ये (भिंतीच्या बाहेरच्या आवरणात) भोक पाडलं आणि नुसतं फोम मारून निघून गेला. पाणी दीड वर्ष आत मुरत होतं. घर विकलं गेलं, नवा मालक म्हणतो भोक मी पाडलेलं नाही, जुना फोन उचलत नाही, भिंत असोसिएशनची. दुरुस्ती सगळ्यांच्या मेंटेनन्समधून.

म्हणून तुमचा अर्ज आला की आम्हाला थंड हवा दिसत नाही, भोक दिसतं. ते कोण बुजवणार, दहा वर्षांनी कोण बघणार, आणि कॉन्ट्रॅक्टरचा विमा आहे का. तुमच्या अर्जात याची उत्तरं होती का? खरं सांगा.

घाईत आहे | १३ जुलै, सकाळी ८.१२

म्हणजे चूक चार जणांची आणि शिक्षा सगळ्यांना. आणि हेच बोर्डवाले आकाशकंदिलावरून पत्र पाठवतात. मला तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी व्हायलेशन लेटर आलं होतं, सणाची सजावट मुदतीत उतरवली नाही म्हणून. समोरच्याचा थँक्सगिव्हिंगचा फुगवलेला टर्की मात्र नाताळपर्यंत डोलत होता.

मिनिटबुक | १३ जुलै, सकाळी ८.२०

टर्कीबद्दल मी निरुत्तर आहे.

बाभूळबन | १३ जुलै, दुपारी १.०५

टेक्ससमधून, डॅलसच्या उत्तरेकडून. आमच्याकडे एचओए जितके कडक तितकाच त्यांना वेसण घालणारा कायदाही आहे. चाळीसपेक्षा जास्त घरं असतील तर आर्किटेक्चरल कमिटीत बोर्डाचे सभासद किंवा त्यांचे नवरा-बायको बसू शकत नाहीत. नकार द्यायचा तर लेखी, कारणासकट, आणि तीस दिवसांत बोर्डापुढे सुनावणी मागायचा हक्क. सोलरला संरक्षण आहे, २०१५ पासून कायमस्वरूपी बसवलेल्या जनरेटरलाही आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत वीज गेली तेव्हा आमच्या गल्लीत ज्याच्याकडे जनरेटर होता त्याच्या घरी सात कुटुंबांनी खिचडी खाल्ली. हीट पंपाचं नाव घेऊन मात्र असं संरक्षण माझ्या पाहण्यात नाही. म्हणजे वीज बनवणाऱ्या यंत्राला कायदा आहे, ती वापरणाऱ्याला नाही.

माझी लढाई झुडपांची होती. कमिटीनं सांगितलं, युनिट रस्त्यावरून दिसता कामा नये, भोवती झुडपं लावा. लावली. दोन वर्षांत ती वाढून युनिटला चिकटली, कॉइलमध्ये पानं, कॉम्प्रेसर गरम. शेवटी कंपनीच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलचं पान, ज्यात चारी बाजूंनी किती मोकळी जागा हवी ते आकृतीसकट असतं, तेच पत्राला जोडलं. 'ही अट पाळली तर वॉरंटी जाते, तशी जबाबदारी असोसिएशन लेखी घेणार का?' एवढा एकच प्रश्न. आठवड्यात झुडपांच्या जागी तीन फुटांवर जाळीचं कुंपण मंजूर झालं.

कोनाडा, मॅन्युअल डाउनलोड करा. वकिलापेक्षा स्वस्त.

ऑक्टोबरहीट | १३ जुलै, संध्याकाळी ६.३०

कॅलिफोर्नियात नागरी संहितेचं ४७६५ कलम आहे. अर्जावरचा निर्णय वाजवी आणि सद्भावनेनं घेतलेला हवा, लेखी हवा, आणि नकार असेल तर कारण आणि फेरविचारासाठी कुठं जायचं हे दोन्ही त्यात लिहिलेलं हवं. एका ओळीचं पत्र आमच्याकडे टिकलं नसतं.

वारं बदलतंय हेही खरं. सॅन फ्रान्सिस्को बे एरियाच्या हवा नियामक मंडळानं २०२३ मध्ये धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडवरून नियम केला: २०२७ पासून घरगुती गॅस वॉटर हीटर आणि २०२९ पासून गॅस फर्नेस टप्प्याटप्प्यानं विक्रीतून जायचे. आमच्या बोर्डाला आत्तापासून घाम फुटलाय, कारण मग दोनशे घरांना बाहेर हीट पंपाच्या पेट्या लागणार आणि नियमात पेटीला जागाच नाही. आणि पोर्टलंडला जून २०२१ मध्ये ११६ अंश झालं, बरीच माणसं गेली, त्यानंतर ऑरेगननं पुढच्याच वर्षी कायदा करून घरमालकांना भाडेकरूंचे पोर्टेबल एसी सरसकट अडवायला बंदी केली. बहुतेक ठिकाणी आधी माणसं मरावी लागतात, मग नियम हलतो.

घरात कुणाला उष्णता सहन न होणारा आजार असेल तर फेडरल फेअर हाउसिंग कायद्याखाली (घरांबाबतचा भेदभाव रोखणारा कायदा) 'वाजवी सवलत' मागता येते. डॉक्टरचं पत्र लागतं. बाबांची तब्येत कशी आहे?

कोनाडा | १३ जुलै, रात्री १०.५०

बाप रे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांना धन्यवाद.

@ऑक्टोबरहीट, बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत आणि रोज सकाळी चार मैल चालतात. त्यांना आजारी ठरवून परवानगी काढली तर ते मला बोलणं टाकतील. तो मार्ग बंद.

@मिनिटबुक, खरं सांगते, अर्जात एक कोटेशन आणि एक फोनवरून काढलेला फोटो होता. विमा, भोक, पुढचा मालक, यातलं काही नव्हतं. तुमचं पोस्ट नवऱ्यानंही वाचलं आणि म्हणाला, मी बोर्डावर असतो तर मीही नाकारलं असतं. (त्याच्याशी तूर्त अबोला.)

@टनभर, कोटेशन अठरा हजारांचंच आहे! आणि लॉफ्टमध्ये रिटर्न नाही. एकही नाही.

टनभर | १३ जुलै, रात्री ११.२५

वाटलंच होतं.

मिनिटबुक | १४ जुलै, सकाळी ७.१५

मग आता एक काम करा. घर घेताना मिळालेला मास्टर डीड (असोसिएशनचा मूळ दस्त) काढा. तुमचं टाउनहाउस दिसायला टाउनहाउस आहे, पण कागदावर काँडो आहे की स्वतंत्र प्लॉटचं? या एका प्रश्नावर सगळं फिरतं. स्वतंत्र असेल तर भिंत तुमची, एचओए फक्त दिसण्याबद्दल बोलू शकते. काँडो असेल तर बाहेरची भिंत सगळ्यांच्या मालकीची. मग तुम्ही परवानगी मागत नाही आहात, तर सगळ्यांच्या भिंतीत भोक पाडू द्या म्हणताय. अर्जाची भाषा त्याप्रमाणे बदलावी लागते.

गावाचं बांधकाम परमिट वेगळं. ते मिळालं म्हणून एचओएला मान्य करावंच लागतं असं नाही, उलटही नाही.

कोनाडा | १९ जुलै, रात्री ९.००

मास्टर डीड, १४८ पानं, वाचला. काँडो आहे. बाहेरची भिंत सामायिक, डेक (मागचा उघडा सज्जा) सामायिक पण वापर फक्त आमचा, डेकखालची फरशीही तशीच.

न्यू जर्सीत बोर्डाच्या ज्या बैठकीत मतदान होतं ती सभासदांसाठी खुली ठेवावी लागते. आणि कोर्टात न जाता तंटा सोडवायची सोय असोसिएशननं करून द्यायची असते. ही दोन्ही वाक्यं त्या एका ओळीच्या पत्रात नव्हती, माझी मीच शोधली. आमच्या रांगेत कोपऱ्यावरच्या घराला मागे मिनी-स्प्लिट आहे, तेही दिसलं. विचारलं तर मॅनेजमेंट कंपनीचं उत्तर: तो आधीच्या बोर्डाच्या काळातला.

घाईत आहे | १९ जुलै, रात्री ९.१०

मग हाच मुद्दा! एकाला न्याय, दुसऱ्याला अन्याय! बैठकीत फोटो लावा मोठा करून!

मिनिटबुक | १९ जुलै, रात्री ९.४५

फोटो जवळ ठेवा, बाहेर काढू नका. पहिल्याच वाक्यात तो पुढे केलात तर बोर्ड तुमच्याकडे नाही, वकिलाकडे बघायला लागेल. आणि तो कोपऱ्यावरचा माणूस तुमचा शेजारी आहे. त्याला आयुष्यभर तोंड द्यायचंय.

टनभर | १९ जुलै, रात्री ११.०५

ताई, डेकखाली फरशी आहे म्हणालात. किती उंची?

कोनाडा | १९ जुलै, रात्री ११.१२

आठ फूट असेल. सायकली आणि तुळशीची जुनी कुंडी आहे तिथं.

टनभर | १९ जुलै, रात्री ११.४०

मग भिंतीवर ब्रॅकेट कशाला? अख्ख्या घराच्या एसीचं नेहमीचं युनिट गरम हवा वर फेकतं, ते डेकखाली ठेवता येत नाही. पण मिनी-स्प्लिटचं चपटं युनिट समोरून, आडवी हवा फेकतं. डेकखाली, तोंड अंगणाकडे, भिंतीपासून मॅन्युअल सांगेल तेवढं अंतर, फरशीवर फूटभर उंच स्टँड. बर्फ वरून पडत नाही, रस्त्यावरून दिसत नाही, भिंतीला कंप नाही. भिंतीच्या ब्रॅकेटमुळे हिवाळ्यात घुर्रर्र आवाज घरात उतरतो, ते वेगळंच.

राहिले पाइप. ते बाहेरच्या भिंतीवरून लॉफ्टपर्यंत नेण्याऐवजी आतून नेता येतील का? दोन मजल्यांची कपाटं एकावर एक आहेत का? असतील तर कपाटाच्या कोपऱ्यातून खाली, मागच्या खोलीत, आणि तिथून एकच भोक डेकखाली. पाण्याचा निचराही त्याच वाटेनं, उतारानं. शेजाऱ्याच्या आणि तुमच्या मधल्या भिंतीला मात्र हात लावू देऊ नका, ती आगीपासून संरक्षणाची भिंत असते.

डक्टमधलं कबूतर | २० जुलै, सकाळी १०.३० (पुणे वेळ)

तुळशीच्या कुंडीला जागा ठेवा म्हणजे झालं.

कोनाडा | ६ ऑगस्ट, रात्री ८.२०

अपडेट. टनभर, तुमच्या पायावर डोकं ठेवायला हवं. एक वयस्कर तंत्रज्ञ आला, टॉर्च घेऊन तळघरात, म्हणजे आमच्या गॅरेजमागच्या खोलीत गेला, आणि दोन मिनिटांत ओरडला. वरच्या मजल्याचा डॅम्पर तीन चतुर्थांश बंद होता. आम्ही घर घेऊन सात वर्षं झाली! सात उन्हाळे! शिवाय छपरातला एक डक्ट सांध्यातून सुटून पोकळी गार करत होता. छपराखालच्या खारी सुखात असणार. दोन्ही ठीक केलं, ४१० डॉलर. लॉफ्ट आता दुपारी ८१ वर असतो. बाबा परत वर झोपतात, पण पंखा लावून.

कपाटं एकावर एक आहेत. नवं कोटेशन: नऊ हजार बीटीयू, पाइप आतून, डेकखाली युनिट. लहान यंत्रामुळे उतरलेली किंमत आतून पाइप न्यायच्या मजुरीत गेली, एकूण पुन्हा ६,७०० च झाले. अर्जात या वेळी जोडलं: मोजमापांसह आकृती, मॅन्युअलची दोन पानं, आवाजाची डेसिबलची ओळ, कॉन्ट्रॅक्टरचा परवाना, विम्याचा दाखला ज्यात असोसिएशनचंही नाव आहे, आणि एक परिच्छेद की भोक, यंत्र आणि त्यामुळे होणारं नुकसान याची जबाबदारी आमची आणि आमच्यानंतरच्या मालकाची, तसा करार नोंदवायला आम्ही तयार आहोत.

शेजारच्या बाईंकडेही जाऊन आले. त्यांचा बेडरूम मागच्या बाजूला. एकच प्रश्न विचारला त्यांनी, रात्री घुरघुरेल का? म्हटलं तुमच्या फ्रिजपेक्षा फार नाही. आईनं दिलेली खोबऱ्याची वडी घेऊन गेले होते. 'हरकत नाही' असं दोन ओळींत लिहून दिलं त्यांनी.

मिनिटबुक | ६ ऑगस्ट, रात्री ९.०५

असा अर्ज आमच्याकडे आला तर मी फ्रेम करून लावेन.

एक शंका मात्र येणारच, तयारी ठेवा. या वर्षीपासून नव्या यंत्रांत जुना आर-४१०ए गॅस नाही, आर-३२ किंवा आर-४५४बी असतो, आणि त्यावर 'किंचित ज्वलनशील' असा शिक्का असतो. आमच्या बैठकीत तो शब्द ऐकून एक आजोबा उठून उभे राहिले होते.

डक्टमधलं कबूतर | ७ ऑगस्ट, सकाळी ९.०० (पुणे वेळ)

त्या आजोबांना सांगा, आमच्याकडे कित्येक वर्षं घरोघरी आर-३२ च आहे. गोदरेजनं तर आर-२९० चे एसी विकले, म्हणजे चक्क प्रोपेन. पुणं अजून जागेवर आहे. डक्टही, दुर्दैवानं.

कोनाडा | २४ सप्टेंबर, रात्री १०.३०

बैठक झाली. सव्वा तास पार्किंग आणि कुत्र्यांची विष्ठा, अकरा मिनिटं आमचा अर्ज. ज्वलनशीलतेचा प्रश्न आलाच. कुणी विचारला? बोर्डाच्या अध्यक्षांनी, जे स्वतः निवृत्त अग्निशामक आहेत! मी प्रोपेनचं उदाहरण दिलं, ते म्हणाले, माझ्या डेकवर बार्बेक्यूचं वीस पौंडांचं सिलिंडर आहे, तुमच्या यंत्रात किती आहे? म्हटलं, पौंड-दीड पौंड. हसले आणि विषय संपला.

कोपऱ्यावरच्या घराचा फोटो पर्समध्येच राहिला.

चार विरुद्ध एक मंजूर. अटी: करार काउंटीत नोंदवायचा, भोकाभोवती योग्य फ्लॅशिंग (पाणी आत मुरू नये म्हणून पट्टी), गावाचं परमिट बंद झाल्याचा (म्हणजे तपासणी होऊन काम पास झाल्याचा) कागद साठ दिवसांत, आणि डेकखालून बाहेर डोकावणारा कुठलाही पाइप साइडिंगच्याच रंगाचा. वकिलाचा करारासाठीचा खर्च ३५० डॉलर आमच्याकडे. जास्त वाटला, पण दिला.

विरुद्ध मत कुणाचं? कोपऱ्यावरच्या मिनी-स्प्लिटवाल्या गृहस्थांचं. ते बोर्डावर आहेत. मला आधी माहीत नव्हतं.

घाईत आहे | २४ सप्टेंबर, रात्री १०.३४

आणि तुम्ही फोटो बाहेर काढला नाहीत???

मिनिटबुक | २४ सप्टेंबर, रात्री १०.५०

म्हणून चार मतं मिळाली.

घाईत आहे | २४ सप्टेंबर, रात्री १०.५२

मला नाही पटत. सगळीकडे खोबऱ्याची वडी घेऊन जायचं? आधी फोटो दाखवला असता तर जुलैत संपलं असतं. आईवडिलांचा अख्खा उन्हाळा गेला यात.

कोनाडा | २४ सप्टेंबर, रात्री ११.२०

उन्हाळा गेला हे मात्र खरं आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

कोनाडा | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१०

१८ नोव्हेंबरला बसवलं, काल गावाचा इन्स्पेक्टर येऊन गेला, परमिट बंद. टॅक्सच्या फॉर्मसाठी या वर्षी कंपनीचा चार अक्षरी कोडही लागतो, तो कॉन्ट्रॅक्टरच्या बिलावर लिहून घेतलाय. क्रेडिटच्या हिशेबात आहोत.

आई-बाबा ऑक्टोबरच्या मध्यावर परत गेले. म्हणजे ज्यांच्यासाठी गार हवेचा एवढा खटाटोप, ते गेल्यावर यंत्र सुरू झालं, आणि पहिल्यांदा लावलं ते गरम हवेसाठी, कारण लॉफ्ट हिवाळ्यात ६१ वर जातो. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. त्यांनी रिमोट जवळ धरायला लावला, सगळी बटणं वाचली, आणि म्हणाले, "मेमध्ये तिकीट काढू का?"

टनभर | २३ नोव्हेंबर, रात्री ८.०२

छान झालं. आता एक लक्ष ठेवा. कडाक्याच्या थंडीत हे युनिट मधूनमधून उलटं चालून अंगावरचा बर्फ वितळवतं. तेव्हा वाफ निघेल, शेजारच्या बाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर धूर समजून फोन करतील. आणि ते पाणी फरशीवर पडून गोठतं. डेकखालून येण्याजाण्याची वाट असेल तर युनिटखाली खडीचा थर टाका.

कोनाडा | २३ नोव्हेंबर, रात्री ८.१५

खडीसाठी वेगळा अर्ज लागेल का?

मिनिटबुक | २३ नोव्हेंबर, रात्री ८.१९

रंग कोणता आहे खडीचा?